ओटीची फेड

आबा, या संक्रांतीनंतर आम्ही काही बायका एका बाईच्या घरी जाऊन तिची ओटी भरून आलो, आणि त्यात तुमचं नाव निघालं. तुम्हाला न विचारता निघालं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की विचारणार तरी कुठं? पण तुमच्या नावावर काही घडलं आणि तुमच्या कानावर घातलं नाही, असं मला करवत नाही. म्हणून सकाळची पूजा आटोपली, दूध तापवून झाकून ठेवलं, नातीच्या गेल्या वर्षीच्या वहीतली कोरी राहिलेली पानं काढून घेतली आणि बसले. यासाठी नवा कागद आणला असता तर तुम्हीच आधी ओरडला असता.

वरवंडच्या शिवारातलं आपलं स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हंगाम लागला की घरात घड्याळाची गरज नसायची, साखर कारखान्याचा भोंगाच आपलं घड्याळ. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आई तवा चुलीवर चढवायची. मी दारात उभी आहे. रस्त्यानं माणसं सायकलवरून घरी चालली आहेत, कुणाच्या डब्याची कडी वाजते आहे, आणि त्यात तुम्ही नाही. आई तवा उतरवते. थोड्या वेळानं पुन्हा चढवते. शेवटी तुम्ही येता, अंगाला उकळत्या रसाचा तो गोड, जळका वास, आणि हातपाय धुवायच्या आधी आईचा प्रश्न तयार असतो, "आज बी बदली आला न्हाई व्हय?" तुम्ही म्हणता, "पॅनमध्ये साखरेचा दाणा धरायला लागला होता. बदलीवाल्याचा पत्ता न्हाई. मग काय भांडं तसंच टाकून येऊ? सगळी साखर वाया जाईल." आई म्हणायची, थांबलात तर थांबलात, पण मग थांबल्याची चिठ्ठी तरी भरा. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर होतं. "मेंढी व्यायला लागली तर धनगर तिला म्हणतो का, थांब गं, माझी वेळ संपली? आन् व्याल्यावर तिच्याकडं जादा वेळेचं मागतो का?" आई भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणायची, "मेंढी कोकरू तरी देते. तुमची पॅन काय देती?"

हसू येतं आता. तेव्हा मात्र मी मनातून तुमच्याच बाजूची होते. कारखान्यातले टाइमकीपर एकदा सायकल घेऊन आपल्या दारात आले होते, तो दिवस आठवतो का? कारखाना जादा वेळेचे पैसे द्यायला तयार, सगळ्यांना देतही होता, आणि तुम्ही एकटे चिठ्ठीच भरत नव्हता. बिचारे ओसरीवर बसून घाम पुसत म्हणाले, "मामा, लोक न केलेल्या ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या आणतात आन् तुम्ही केलेल्याची देत न्हाई. हजेरीचा मेळ बसत न्हाई माझा. तेवढी सही करा, मी सुटतो." तुम्ही त्यांना ताक दिलंत आणि म्हणालात, "सायब, आपला ऊस जातो तिथं. आपला शेअर हाय. घरच्या लग्नात वाढपी व्हायचं आन् वर मजुरी मागायची व्हय?" आतून आईचा आवाज आला, "घरचं लग्न म्हणं! एवढ्या वर्षांत एक लाडू न्हाई आला घरी." टाइमकीपरांना ताक नाकात गेलं.

एका हंगामात मात्र आईनं तुम्हाला सही करायला लावलीच. पैसे आले. तुम्ही ते घरात आणले नाहीत, बिरोबाच्या देवळाला पितळेची घंटा आणलीत. आई ती घंटा बघायला आली, नमस्कार केला, भंडारा कपाळाला लावला आणि देवाच्या समोरच म्हणाली, "देवाला ओव्हरटाइम पोचला बघ बाबा. आता माझ्या तव्याचा तेवढा राहिला." मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्षाला होते. देवळातून परतताना वाटेत तुम्हाला विचारलं की आबा, चिठ्ठीवर सही केली तर पाप लागतं का? तुम्ही चालायचे थांबलात. माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही चढवला, पण असं बोललात की मला रागावल्यासारखंच लागलं. "पाप न्हाई. पण मागायची सवय लागली ना पोरी, की कामातला देव उठून जातो." बस.

ते वाक्य मी शिरूरला सासरी घेऊन आले. तुम्ही दिलेली आजीच्या हातची काळी घोंगडी आणि ते वाक्य, एवढंच माझं खरं माहेर. घोंगडीवर रोज बसून पोथी वाचते. आणि वाक्यावर संसार केला. रोजच्या रोज जमाखर्च लिहिला, चहाचा चोथा तुळशीला घातला, दिव्यातलं उरलेलं तेल कधी फेकलं नाही, आणि कुणाकडं काही मागितलं नाही. तुमच्या जावयांना शेजाऱ्याकडं आपलीच पहार परत मागायला सुद्धा मी जाऊ दिलं नाही. ते अजून म्हणतात, "तुझ्या बापापायी माझी पहार गेली."

आता तुमच्या नातसुनेचं सांगते. मुलगा टेम्पोवर असतो, चार दिवस इकडं, चार दिवस तिकडं. सून एमआयडीसीत पॅकिंगला जाते. काम कंपनीचं, पण माणसं ठेकेदाराची. तुमच्या वेळी हा प्रकार कमी होता. पगार ठेकेदाराकडून, शिव्या सुपरवायझरकडून, आणि काही विचारायला गेलं की कंपनीतला सायब म्हणतो ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो सायबाला विचारा. पाळी सुटायच्या वेळी सुपरवायझर यायचा, "ताई, आज गाडी भरायची हाय, जरा थांबा." ते जरा म्हणजे दोन तास. आठवड्यातून कितीदा तरी. तोवर कंपनीची बस निघून गेलेली. मग सहा सीटर रिक्षाला भाडं द्यायचं, येताना पोरीला भूक लागली असेल म्हणून काहीतरी विकत घ्यायचं. मला हे कळलं ते माझ्या जमाखर्चातच. रिक्षाचा खर्च का वाढतोय म्हणून मी सुनेला टोकलं, तर ती चपला काढता काढता तिथंच पायरीवर बसली. थांबल्याचं काहीच मिळत नव्हतं, आबा. उलट थांबायलाच आमच्या घरचे पैसे पडत होते.

मी काय केलं सांगू? मी तिला तुमची गोष्ट सांगितली. पॅन, मेंढी, टाइमकीपर, घंटा, सगळी. कामातला देव उठून जातो, इथपर्यंत. माझी सून मला आत्या म्हणते. गुणी आहे, उलट बोलत नाही. सगळं ऐकून घेतलं, ताटातली शेवटची भाकरी मोडली आणि म्हणाली, "आत्या, आबा 'नको' म्हणले, कारण त्यांना कुणीतरी 'घ्या' म्हणत होतं. दारात सायकल लावून म्हणत होतं. आम्हाला कोण म्हणतंय 'घ्या'? आम्ही नको तरी कशाला म्हणायचं?" ती पुढं म्हणाली, "आन् आमचा ठेकेदार परवा काय बोलला माहितीय? म्हणला, घरचंच काम हाय, घरच्या कामाला कुणी पैसे मागतं का."

मी हातातला पेला खाली ठेवला. तुमचंच वाक्य, आबा. फक्त लग्नाच्या जागी काम. तुमच्या तोंडी ते कसं शोभायचं! तुमचा ऊस जात होता तिथं. ते स्वतःपुरतं बोलायचा तुम्ही, आणि झीज सोसायची ती स्वतःच्या अंगाची. हा माणूस तेच वाक्य दुसऱ्याच्या अंगावर टाकून स्वतः गाडी भरून घेत होता. एकच भाकरी, पण एक जण आपल्या ताटातली देतो आणि दुसरा समोरच्याच्या ताटातली उचलतो. इतकी वर्षं मी फक्त भाकरीकडं बघत होते, ताट कुणाचं ते बघितलंच नव्हतं.

पुढची गंमत ऐका. कंपनीच्या गेटजवळ भिंतीला एक फळा आहे, त्यावर कामगारांचे नियम मराठीत लिहिलेले. पण दसऱ्याला मशिनांची पूजा झाली तेव्हा ह्याच बायांनी हौसेनं त्या फळ्यावर झेंडूचं भलंमोठं तोरण बांधलं होतं. तोरण वाळलं, तरी पूजेचं म्हणून कुणी काढेना. संक्रांतीच्या सुमारास वाऱ्यानं ते आपोआप गळलं, आणि खालून अक्षरं निघाली. ठरलेल्या तासांच्या वर काम करून घेतलं तर त्या जादा वेळेचा पगार दुप्पट दरानं द्यायचा. सुनेनं फोनवर फोटो काढून आणला. मी चष्मा लावून तीनदा वाचला. ठेक्यावरच्या कामगारांचे पैसे ठेकेदारानं बुडवले तर कंपनीनं ते भरायचे, हेही तिनं कामगार कार्यालयात जाऊन विचारून आणलं. आपल्याच हातानं आपलाच हक्क फुलांनी झाकायचा, हे आपल्याच बायकांना जमतं.

अर्ज लिहून तयार झाला. आणि सही होईना. ठेकेदाराच्या भीतीनं नव्हे. झालं असं की संक्रांतीला ठेकेदाराच्या बायकोनं, तिला सगळ्या वहिनी म्हणतात, लाइनवरच्या सगळ्या बायकांना घरी हळदीकुंकवाला बोलावलं होतं. स्टीलचे डबे वाण म्हणून दिले, एकेकीला पाटावर बसवून खण-नारळानं ओटी भरली, 'तुम्ही माझ्या बहिणीच' असं म्हणाली. आता त्या ओटीचं ओझं झालं. एका गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, सगळ्या आमच्या घरी जमल्या. मी तुमची घोंगडी अंथरली. त्यांच्यातली वयानं मोठी बाई, हिनं सही केली तर बाकीच्या करणार, ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "काकू, तुम्ही पोथ्या वाचता, तुम्ही सांगा. तिनं माझी ओटी भरलीय. ओटीतलं तांदूळ शिजवून नातवाला घातलंय मी. आता तिच्याच नवऱ्यावर अर्ज करू? नातवाला बाधायचं न्हाई का ते?"

कोपऱ्यातून एक विधवा बाई म्हणाली, "माझी कुठं कुणी भरलीय ओटी? मला तर बोलावलंच न्हाई. आणा इकडं, मी करते पहिली सही." आणि थांबून म्हणाली, "नवरा गेल्याचा एवढा एकच फायदा झाला बघा." सगळ्या हसल्या, पण बाकी कुणाचा हात अर्जाकडं गेला नाही. सून माझ्याकडं बघत होती. सही झाली नाही तर ती एकटी पडणार होती. एकट्या बाईला गेटवर उद्यापासून येऊ नको म्हणायला किती वेळ लागतो? अर्जाचा कागद घडी पडून पडून मऊ झाला होता. आणि ती मोठी बाई खरंच घाबरली होती, आबा. खोटं नव्हतं तिचं रडणं. तिला कायदा सांगून उपयोग नव्हता. तिच्या नातवाच्या पोटात गेलेले तांदूळ कायद्यानं निघणार नव्हते.

तिनं घोंगडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कुणाची हो ही?" मी म्हटलं, माझ्या आबांची. आणि पुढचं माझ्या तोंडून निघालं, "माझे आबा म्हणायचे, ओटीची फेड ओटीनं करावी आणि कामाची फेड पगारानं. एकाचं दुसऱ्यात घातलं की दोन्ही नासतात." ती बघत राहिली. म्हणाली, "असं म्हणायचे?" मी म्हटलं, "म्हणायचे." ती म्हणाली, "मग आधी तिची ओटी भरू. रथसप्तमीच्या आत चालतं ना?"

पुढच्या गुरुवारी आम्ही गेलो. शुक्रवार बरा, पण सुट्टी गुरुवारी, देवाला कळतं. सगळ्यांनी मिळून खण घेतला, तांदूळ मी घरचे काढले, निवडून. नारळ त्या विधवा बाईच्या हातात दिला. ती नको नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. वहिनींनी दार उघडलं आणि एवढ्या बायका बघून त्यांचा चेहरा उतरला. "काय झालं? काम सोडताय का काय सगळ्या?" मी म्हटलं, "पाट मांडा बाई, तुमची ओटी भरायची हाय." त्या हसल्या, लाजल्या, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. नारळवाली दारातच थांबली होती, तर वहिनीच म्हणाल्या, "अहो, तुम्ही पण या की आत. नारळ काय लांबून फेकणार व्हय?" ओटी भरून झाली. मग मोठ्या बाईनं हात जोडले आणि एका दमात म्हणाली, "वहिनी, तुमची ओटी फिटली. आता आमचा अर्ज जाणार हाय. जादा वेळेचा. तुमच्यावर राग न्हाई."

वहिनी ओटी पदरात धरून तशाच बसून राहिल्या. मला वाटलं, आता पदर झटकतात. त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी मी वाण दिलं, ते तुम्हाला गप्प बसवायला दिलं असं वाटलं व्हय?" त्यांना खरंच लागलं होतं. माझ्या सुनेनं खाली बसून त्यांचा हात धरला. "तसं न्हाई. वाण गोड होतं म्हणून तर अर्ज अडला होता. कडू असतं तर कवाच दिला असता." मग वहिनी उठल्या, ओटी देवापुढं ठेवली आणि स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाल्या, "तुम्हाला मी सांगत न्हाई अर्ज देऊ नका म्हणून, आन् द्या म्हणून पण सांगत न्हाई. तुमचं तुम्ही बघा. पण चहा घेतल्याशिवाय जायचं न्हाई. आन् ह्या चहाची फेड करायला परत येऊ नका, साखर महाग झालीय." तेव्हा जो हशा पिकला ना, आबा, आईची आठवण आली.

सह्या सगळ्यांनी केल्या. पहिली सही त्या मोठ्या बाईची. एक प्रत कंपनीत, एक ठेकेदाराला, एक कामगार कार्यालयात. ठेकेदार आठवडाभर तोंड फुगवून होता. "घरच्यांनीच दगा दिला" म्हणत फिरला. कंपनीतला सायब आधी म्हणाला ठेकेदाराला विचारा, मग कार्यालयाचा शिक्का बघून म्हणाला बसा. पाणी दिलं. काल पगाराची चिठ्ठी आली तर त्यात ओव्हरटाइमचा वेगळा रकाना, आणि दर दुप्पट. मागच्या महिन्यांचं अजून बोलणं चालू आहे. मिळेल असं वाटतं, कारण आता मागणारी एकटी नाही. पण मला त्या रकान्याहून मोठं वाटलं ते परवाचं. सुपरवायझर आला, म्हणाला, "ताई, थांबता का?" आबा, पूर्वी तो 'थांबा' म्हणायचा. आता विचारतो. सून म्हणाली, "आज न्हाई, पोरीचा अभ्यास हाय. उद्या थांबेन." आणि कंपनीच्या बसनं उजेडात घरी आली. तुमच्यासारखं 'नको' म्हणायची ऐपत आता तिच्यातही आली. तिला कुणीतरी 'घ्या' म्हटलं, म्हणून आली. आणि कामातला देव कुठं उठून गेलेला नाही. तिनं भरलेली खोकी मी एकदा बघितली, अजून तशीच नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

तुमच्या पॅनबद्दल मला आजही अभिमान आहे. तुम्ही जे दिलंत ते स्वतःचं दिलंत. एवढंच की मी त्याचा नियम करून सगळ्यांना लावत बसले. आणि आईच्या तव्याचं मात्र तुम्ही खरंच बघायला हवं होतं. हे आज बोलते. तेव्हा बोलायची छाती नव्हती.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. पोथीत ठेवलं तर सून पोथी पुसायला काढते, तिच्या हाती लागेल, आणि ते नको आहे. कारण लाइनवर आता बायका एकमेकींना सांगतात, "आबा म्हणायचे, ओटीची फेड ओटीनं, कामाची फेड पगारानं." ज्यांनी तुम्हाला बघितलं नाही, वरवंड बघितलं नाही, त्या सांगतात. आणि तुम्ही हे कधीच म्हणाला नव्हता, आबा. ते माझं आहे. घोंगडीवर हात ठेवल्याक्षणी सुचलं, आणि माझं म्हणून सांगितलं असतं तर त्या बाईनं ऐकलं नसतं, म्हणून तुमच्या तोंडी घातलं. पुढच्या वेळी गावी आले की बिरोबापुढं तुमची घंटा वाजवून खरं काय ते सांगून टाकीन. तोवर ते तुमच्याच नावावर राहू द्या.